पेट्रोलची फॅट : कृष्णाकाठच्या एका शाळेच्या इंधन-वहीतल्या नोंदी

१६ जून २०२५, सोमवार

आज शाळा उघडली. नववीला यंदाचा प्रकल्प सांगितला : गावातल्या सहा गाड्यांची इंधन-वही. एका गाडीमागे चार मुलं. पेट्रोल कधी टाकलं, किती लिटर, किती रुपये, मीटरवर किती किलोमीटर, एवढंच दिवाळीपर्यंत लिहायचं.

उन्हाळाभर पारावर एकच विषय होता, गाडी ॲव्हरेज देईना. कोण म्हणतो पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलमुळं, कोण म्हणतो पंपावर माप मारतात, कोण रस्त्याला दोष देतो. आणि आमचं गाव उसाचं. ज्या इथेनॉलला पारावर शिव्या बसतात, ते आमच्याच फडातून गेलेल्या उसाचं असणार असं सगळे धरून चालतात. भरणारेही आम्ही आणि पिकवणारेही आम्हीच. मी स्वतः शेतकऱ्याचा मुलगा आहे, माझं शिक्षण उसाच्या बिलावर झालं. त्यामुळे या भांडणात मला एका बाजूला उभं राहता येत नाही. म्हणून ठरवलं, आधी मोजायचं.

गाड्या अशा : दूध गोळा करणाऱ्या तात्यांची २०१४ ची मोटरसायकल, आशाताईंची २०२१ ची स्कूटर, पेपर टाकणाऱ्या पोराची जुनी गाडी, पोल्ट्रीवाल्या अण्णांची मोटरसायकल, माझी २०१८ ची, आणि सहावी वडापची, म्हणजे सीट भरून माणसं नेणारी, जीप. वडाप डिझेलवर चालतं, त्यात इथेनॉल नसतं. तरी मुलांनी हट्टाने घेतलं, कारण निम्मा वर्ग त्यातूनच येतो.

मोजायची रीत : टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल. पंप तोच, वेळ सकाळची, गाडी मधल्या स्टँडवर, नोझल स्वतःहून बंद पडलं की थांबायचं. वरून चार थेंब टाकायचे नाहीत. तात्या म्हणाले, "मास्तर, चार थेंबांनी काय हुतंय?" चार थेंबांनीच अख्खा आकडा बिघडतो, हे त्यांना समजावताना अर्धा तास गेला.

२४ जून, मंगळवार

इराण-इस्राएल युद्ध थांबल्याची बातमी आली. मुलांना रोज कच्च्या तेलाचा भाव लिहायला लावला होता. बारा तारखेला ब्रेंट (जगात भाव ज्याच्यावरून धरतात ते कच्चं तेल) पिंपाला सत्तर डॉलरच्या आत होतं, काल ऐंशीच्या वर जाऊन आलं, आज परत सत्तरच्या खाली. भिंतीवरच्या नकाशात होर्मुझची सामुद्रधुनी दाखवली. जगात रोज जेवढं तेल जळतं त्याचा जवळपास पाचवा हिस्सा त्या चिंचोळ्या पाण्यातून जातो. आपण आपल्या गरजेच्या ८८ टक्क्यांच्या आसपास कच्चं तेल बाहेरून आणतो. २०२४-२५ मध्ये सुमारे २४ कोटी टन आणलं.

या बारा दिवसांत आमच्या पंपावरचा आकडा एका पैशाने हलला नाही. मार्च २०२४ मध्ये दोन रुपये उतरले, त्यानंतर तो जवळपास तिथेच आहे. एका मुलीने विचारलं, "सर, मग बरंच झालं की?" या वेळी झालं. पण याच वर्षी एप्रिल-मेमध्ये ब्रेंट साठीच्या आसपास उतरलं होतं, तेव्हाही पंपावर काही उतरलं नाही. उलट एप्रिलमध्ये उत्पादन शुल्क लिटरला दोन रुपयांनी वाढलं. भावाची झळ आपल्यापर्यंत येते ती अशी मुकाट्याने.

फळ्यावर साधा हिशोब केला. पिंपात १५९ लिटर. सत्तर डॉलर म्हणजे सहा हजार रुपये धरले, तर कच्चं तेल लिटरला अडतीस रुपयांना पडतं. आमच्याकडे पेट्रोल एकशे चार-पाच. मधल्या पैशांत शुद्धीकरण, वाहतूक, पंपवाल्याचं कमिशन, केंद्राचं उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट. मुलं बराच वेळ गप्प होती. घरी बाप दर आठवड्याला दोनशेचं टाकतो, त्यातले तेलाचे किती, हे त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं.

२ जुलै, बुधवार

आज लिंबाखाली प्रयोग केला. प्रयोगशाळेत करायची माझी हिंमत नाही. पेट्रोलची वाफ जड असते, खाली साचते. पंपावर सुटं पेट्रोल बाटलीत देत नाहीत आणि देऊही नये, म्हणून माझ्याच गाडीच्या टाकीची नळी काढून घेतलं. मोबाईल सगळे वर्गात ठेवले, मुलं दहा फुटांवर, हात फक्त माझे.

शंभर मिलीची मोजनळी. पन्नास मिली मिठाचं पाणी, त्यावर पन्नास मिली पेट्रोल. बूच लावून उलटीसुलटी केली, मधूनमधून बूच सैल करून वाफ सोडली आणि पाटावर उभी ठेवली. आधी सगळं गढूळ, ताकासारखं. मग हळूहळू रेघ पडायला लागली. वर पिवळसर, खाली नितळ. दहा मिनिटांनी रेघ ठरली. खालचं पाणी पन्नासच्या खुणेवर हवं होतं. ते साठला अगदी किंचित कमी होतं.

"पाणी वाढलं कुठनं?" तीन-चार जण एकदम ओरडले. पाणी वाढलं नव्हतं. पेट्रोलमधलं इथेनॉल पाण्याच्या ओढीने खाली उतरलं होतं. पन्नासातले साधारण दहा मिली, म्हणजे वीस टक्के. ई-२० म्हणतात ते हेच. पंपावर भेसळ करतात म्हणून जो संशय होता तो निदान या नळीपुरता फिटला : सरकार सांगतं तेवढंच इथेनॉल होतं, जास्त नव्हतं. मापाची शंका असेल तर पंपावर पाच लिटरचं माप असतं आणि कोणत्याही ग्राहकाला ते मागता येतं, हेही मुलांना वहीत लिहून दिलं.

११ जुलै, शुक्रवार

दुधाच्या वेळेला तात्यांबरोबर संकलन केंद्रावर गेलो होतो. प्रकल्पाला नाव तिथे मिळालं.

तात्यांकडे २०१६ पासूनच्या वह्या आहेत, पेट्रोल आणि किलोमीटर दोन्ही लिहिलेल्या. गाडी आधी बासष्ट द्यायची. आमच्या मोजणीत सत्तावन्न आली. रोजचा फेरा सत्तर किलोमीटर. म्हणजे दिवसाला लिटरचा दहावा हिस्सा जास्त, साधारण दहा रुपये, महिन्याला तीनशे. दुधाच्या फेऱ्यावर जगणाऱ्या माणसाला तीनशे रुपये म्हणजे घरातल्या गॅसच्या टाकीतला मोठा वाटा.

समोर एका बाईंच्या किटलीतला नमुना यंत्रात गेला. फॅट ३.४. दर कमी बसला. बाईंनी तोंड वाकडं केलं, पण बोलल्या नाहीत, कारण नियम सगळ्यांना ठाऊक आहे. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) धरलेला, त्याच्या खाली पॉइंटमागे कापतात. तात्या पावती फाडता फाडता म्हणाले :

"दुधाला फॅट लावत्यात, उसाला उतारा लावत्यात. मास्तर, मग पेट्रोलची फॅट कुणी काढायची?"

मी रात्रभर त्याच वाक्यावर होतो. दूध लिटरवर घेत नाहीत, त्यातल्या सत्त्वावर घेतात. उसाची एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला किमान दर, तीसुद्धा १०.२५ टक्के उताऱ्याला, उसातून निघणाऱ्या साखरेला, बांधलेली. शेतकरी जे विकतो त्याचं सत्त्व मोजलं जातं. तोच शेतकरी जे विकत घेतो ते मात्र नुसतं लिटरने. लिटर तेवढंच, आतलं सत्त्व बदललं, तर दराच्या पाटीला ते कळत नाही.

१९ जुलै, शनिवार

पेट्रोलची फॅट काढली. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा, इथेनॉलमध्ये सुमारे २१. ऊर्जेत इथेनॉल एक तृतीयांश हलकं पडतं. मुलांनी केलेलं गणित असं : ई-२० च्या एका लिटरमध्ये शुद्ध पेट्रोलच्या ९३ टक्के ऊर्जा. ई-१० शी तुलना केली तर साडेतीन टक्के कमी.

आता हे तात्यांच्या आकड्याशी लावून पाहिलं आणि मला थांबावं लागलं. त्यांची घट आठ टक्के आहे. नीती आयोगाच्या २०२१ च्या इथेनॉल आराखड्यात जुन्या बनावटीच्या, ई-१० ला जुळवलेल्या दुचाकींची घट ३ ते ४ टक्के सांगितली आहे, तशाच चारचाकींची ६ ते ७, आणि ई-२० साठी जुळवलेल्या चारचाकींची १ ते २. आठ टक्के काही एकट्या इथेनॉलच्या नावावर टाकता येत नाहीत. गाडी अकरा वर्षांची आहे. जो आकडा आपल्या रागाला सोयीचा आहे तो दोनदा तपासायचा, हे मुलांना सांगितलं.

दुसरी बाजूही सांगितली. इथेनॉलचा ऑक्टेन (दाबाखाली अवेळी न पेटण्याची ताकद) पेट्रोलपेक्षा बराच वर असतो. इंजिन त्यासाठीच घडवलं, दाब वाढवला, तर गेलेल्या ऊर्जेतला काही भाग परत मिळवता येतो. ब्राझीलने हेच केलं. १९७३ च्या तेलसंकटानंतर १९७५ मध्ये त्यांनी उसाच्या अल्कोहोलचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला. २००३ पासून त्यांच्याकडे कुठल्याही प्रमाणावर चालणाऱ्या फ्लेक्स-फ्युएल गाड्या आल्या. तिथे पंपावर इथेनॉल वेगळं मिळतं आणि लोकांच्या तोंडी एक साधा नियम असतो : इथेनॉलचा दर पेट्रोलच्या सत्तर टक्क्यांच्या आत असेल तर ते भरा, नाहीतर पेट्रोल. म्हणजे त्यांनी पेट्रोलची फॅट काढून ठेवली आहे, तीही ग्राहकाच्या हातात.

१३ ऑगस्ट, बुधवार

महिनाभर टीव्हीवर हेच चाललंय. काल पेट्रोलियम मंत्रालयाचं लांब निवेदन आलं. ते मी वर्गात जमेल तसं वाचून दाखवलं, कारण त्यातल्या दोन गोष्टी मुलांच्या हिशोबात बसतात.

एक, जमेची. २०१४-१५ पासून या जुलैपर्यंत इथेनॉलमुळे १.४४ लाख कोटी रुपयांहून अधिक परकीय चलन वाचलं, २४५ लाख टन कच्च्या तेलाची जागा भरली गेली. हा पैसा देशात राहिला, त्यातला मोठा वाटा शेतकऱ्याकडे आला. मला याचं मोल कळतं. कारखान्याकडे उसाची बिलं वर्ष-वर्ष अडकलेली मी लहानपणी पाहिली आहेत. आईने लग्नातले डाग गहाण ठेवून माझी फी भरली होती. साखर काढून उरलेल्या मळीचं इथेनॉल विकून रोख मिळायला लागल्यापासून बिलं वेळेत सुटतात, हे घरचा अनुभव सांगतो.

दुसरी, खर्चाची. इथेनॉल खरेदीचा सरासरी दर आता लिटरला ७१.३२ रुपये आहे, वाहतूक आणि जीएसटी धरून, आणि तो शुद्ध केलेल्या पेट्रोलच्या किमतीपेक्षा जास्त आहे. नीती आयोगाने आराखडा लिहिला तेव्हा इथेनॉल स्वस्त होतं, म्हणून ग्राहकाला दरात सवलत देण्याचा विचार होऊ शकत होता. आता तसं राहिलं नाही, असं सरकारचं म्हणणं.

एका मुलाने लगेच फॅट लावली. ७१.३२ ला ऊर्जेच्या प्रमाणाने गुणलं, तर एक लिटर पेट्रोलचं काम करणारं इथेनॉल एकशे आठ-नऊ रुपयांना पडतं, तेही पंपावरचा कर लागण्याआधी. तो आकडा फळ्यावर राहिला आणि तास संपला.

माझं मत इथे स्पष्ट लिहून ठेवतो. शेतकऱ्याला मिळणारा दर खरोखर जास्त नाही. तेलाचं परावलंबन कमी करायला किंमत मोजावी लागणार, तीही योग्य. पण ती किंमत दूधवाल्याच्या टाकीतून, न सांगता, लिटरच्या आड काढून घेतली जाऊ नये. पाटीवर लिहा. जास्तीच्या लिटरबरोबर त्याच्या पोटातला करही तो भरतो, निदान तेवढा तरी कापा.

२३ ऑगस्ट, शनिवार

कोयनेतून पाणी सोडल्याने आठवडाभर नदी पात्राबाहेर होती. दोन वाटा बंद, शाळा दोन दिवस बंद. आज पेपरवाल्या पोराचा फोन : गाडी चालू होईना.

ती गाडी पंधरा दिवस पावसात उघड्यावर उभी, टाकीच्या झाकणाचं रबर कधीच गेलेलं. मिस्त्रींनी नळी काढून टाकीतलं सगळं काचेच्या बरणीत घेतलं आणि मला मुद्दाम बोलावलं. बरणीत तीच रेघ. वर पेट्रोल, खाली दोन बोटं नितळ थर. लिंबाखालचा प्रयोग पावसाने आपणहून केला होता. इथेनॉल ओलावा धरतं, थोडं पाणी पोटात सांभाळून घेतं, पण पाणी फार झालं की त्याला घेऊन तळाला जातं. नळी तळालाच असते, म्हणून इंजिनला आधी तेच मिळतं.

मिस्त्रींनी कार्ब्युरेटर उघडून दाखवला. फ्लोटखालच्या भांड्यात पांढरट साका, रबराची रिंग फुगून खाचेत बसेना. नवी रिंग, झाकणाचं रबर, साफसफाई मिळून साडेचारशे रुपये झाले. पोराचा महिन्याचा पगार मला माहीत आहे. मिस्त्रींनी मजुरी घेतली नाही.

जुन्या गाड्यांसाठी मुलांनी एक चिठ्ठी केली आणि पंपाजवळच्या पानटपरीवर लावली : झाकणाचं रबर बघा, गाडी महिनाभर उभी ठेवणार असाल तर टाकीत पेट्रोल साठवून ठेवू नका, नळी बदलताना इथेनॉलला चालणारी मागा.

२७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी

सुट्टी. वहीत एकच ओळ : रशियाचं तेल घेतो म्हणून अमेरिकेने लावलेलं जास्तीचं २५ टक्के शुल्क आजपासून लागू झालं. इचलकरंजीचे पाहुणे गणपतीला आले होते. आरती झाल्यावर कापडाच्या ऑर्डरींचंच बोलणं. तेल कुणाकडून घ्यायचं यावरून इथले माग थांबू शकतात, हे मी मुलांना पुस्तकातून शिकवू शकलो नसतो.

२ सप्टेंबर, मंगळवार

इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय ठेवावा अशी याचिका सर्वोच्च न्यायालयाने काल फेटाळली. पारावर दोन तट. मला वाटतं, निवड नसेल तर माहिती तरी हवी.

१३ सप्टेंबर, शनिवार

तात्यांच्या गाडीचं अर्धं कोडं सुटलं. मिस्त्रींनी एअर फिल्टर काढला तर शेणामातीने बुजलेला. मागच्या चाकात हवा फार कमी, आणि त्यावर रोज दुधाच्या चार किटल्या. चेन कोरडी. हे सगळं नीट करून तीन टाक्या मोजल्या : साडेएकोणसाठ. म्हणजे पाचांतले अडीच किलोमीटर हयगयीचे होते. उरलेले अडीच, चार टक्के, आराखड्यातल्या आकड्याच्या जवळ जातात. एका गाडीवरून सिद्धान्त मांडायचा नाही, पण तात्यांचे महिन्याला दीडशे रुपये वाचले हे खरं. मुलं त्या दिवशी फार आनंदात होती.

मग उलटा हिशोब घातला. तात्या रोज सव्वा लिटरच्या आसपास जाळतात, त्यात पाव लिटरला थोडं कमी इथेनॉल. वर्षाला साधारण ८८ लिटर. एक टन उसाच्या थेट रसापासून सुमारे ७० लिटर इथेनॉल होतं. म्हणजे सव्वा टन ऊस. आमच्याकडे एकरी चाळीस टन धरला तर गुंठ्याला एक टन. सव्वा गुंठा ऊस तात्यांच्या गाडीची वर्षाची इथेनॉलची गरज भागवतो. शेतकऱ्याच्या मुलांना मेगाज्यूल कळायला वेळ लागतो, गुंठा लगेच कळतो. ती धावत जाऊन शाळेमागच्या रानात सव्वा गुंठा पावलांनी मोजून आली.

पण त्या सव्वा गुंठ्याला पाणी लागतं. नीती आयोगाचाच आकडा : उसापासून एक लिटर इथेनॉलला सुमारे २,८६० लिटर पाणी. ८८ लिटरला अडीच लाख लिटर. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे गेली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. माझी बहीण लातूरला दिलेली आहे. त्या उन्हाळ्यात ती घागरीभर पाण्यासाठी रात्री दोनला रांगेत उभी असायची. निम्मी रेल्वे एका मोटरसायकलला, एका वर्षात, तीही टाकीच्या पाचव्या हिश्श्यापुरती. आमच्याकडे कृष्णा आहे म्हणून आम्हाला हे जाणवत नाही. मळीपासून केलेल्या इथेनॉलवर एवढा भार येत नाही, कारण त्या उसाची साखर आधी निघालेली असते. ठिबकवर पाणी बरंच वाचतं. तरी आज फळा पुसताना हात जड झाला.

मिरजेचं अजून एक : पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळून पाहण्याचे प्रयोग २००१ मध्ये जिथे सुरू झाले त्यात मिरज आणि मनमाड होतं. वर्गातल्या एकालाही माहीत नव्हतं. मलाही या प्रकल्पामुळेच कळलं.

४ ऑक्टोबर, शनिवार

जवळच्या कारखान्याच्या डिस्टिलरीत मुलांना घेऊन गेलो. चुलतभाऊ, आमचा दादा, तिथे शिफ्टला असतो. गाळप सुरू व्हायचं आहे, पण साठवलेल्या मळीवर डिस्टिलरी चालू होती. बाहेर बॉयलर अग्निप्रदीपनाची तयारी, मांडवाचे बांबू पडलेले.

मळी पहिल्यांदा हातावर घेतलेली मुलं : काळी, काकवीसारखी, कडवट गोड वासाची. यीस्ट घालून टाकीत एक-दीड दिवस आंबवतात. झरोक्यातून बघितलं तर आत भात शिजताना खदखदतो तसं. ते उकळून वाफ वेचली की साधारण ९५ टक्क्यांवर गाडं अडतं, उरलेलं पाणी उकळून वेगळं होत नाही. मग वाफ बारीक छिद्रांच्या मण्यांमधून नेतात. पाण्याचे रेणू मण्यांत अडकतात, इथेनॉल पुढे जातं. ९९ टक्क्यांच्या वर गेलं की टँकर तेल कंपनीच्या डेपोकडे. दादाने एका मुलीच्या तळहातावर चार मणी ठेवले आणि वर पाण्याचा थेंब सोडला. मणी गरम झाले. तिने हात मागे घेतला नाही, डोळे मात्र मोठे केले.

मागच्या बाजूला स्पेंट वॉश, म्हणजे डिस्टिलरीचं सांडपाणी. एका लिटर इथेनॉलमागे आठ ते पंधरा लिटर निघतं. आता ते आटवून बॉयलरमध्ये जाळावं लागतं, ओढ्यात सोडता येत नाही. माझ्या लहानपणी ओढ्याचा रंग चहासारखा असायचा. आता तसा नाही, हे मी मुलांना तिथेच सांगितलं.

चहाला बसल्यावर दादा डिसेंबर २०२३ बद्दल बोलला. कारखान्यांनी कर्ज काढून डिस्टिलऱ्या वाढवल्या होत्या. हंगाम ऐन भरात असताना सात डिसेंबरला आदेश आला, उसाच्या रसापासून इथेनॉल बंद. साखर कमी पडेल अशी भीती होती. आठवडाभराने थोडी सूट मिळाली, मर्यादा घालून. पूर्ण मोकळीक मिळाली ती पुढच्या ऑगस्टमध्ये. "मशीन उभं, माणसं उभी, बँकेचा हप्ता तेवढा चालू," दादा म्हणाला. तेलासाठी आखातावर अवलंबून राहायचं नाही म्हणून हे उभं केलं. मग ते एका कागदावर इतकं अवलंबून असू नये, असं मला मनापासून वाटतं.

२९ ऑक्टोबर, बुधवार

दिवाळीची सुट्टी. पोल्ट्रीवाल्या अण्णांची वही आणायला गेलो आणि त्यांनी मलाच बसवून घेतलं. त्यांची तक्रार ॲव्हरेजची नाहीच. "गाडीचं सोडा सर, मक्याचं बघा."

कोंबडीच्या खाद्यात निम्म्याहून जास्त मका. मक्याच्या इथेनॉलला तेल कंपन्या लिटरला ७१.८६ रुपये देतात, उसाच्या रसाला ६५.६१, सी-हेवी (शेवटची साखर काढून उरलेल्या) मळीला ५७.९७. साहजिकच धान्याच्या डिस्टिलऱ्या वाढल्या. येत्या इथेनॉल वर्षासाठी (नोव्हेंबर ते ऑक्टोबर) तेल कंपन्यांनी जे वाटप केलं त्यात मका सुमारे ४६ टक्के, तांदूळ २२ च्या आसपास, आणि ऊस-मळी सगळं मिळून साधारण २८ टक्के. म्हणजे पारावर आम्ही जे धरून चाललो होतो ते चूक. आमच्या टाकीत आमचा ऊस तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी.

अण्णा म्हणतात, मका पिकवणाऱ्याला भाव मिळाला, चांगलं झालं. पण २०२४ मध्ये देशात मका बाहेरून आणावा लागला, म्यानमारहून, युक्रेनहून. तेलाची आयात टाळताना दाण्याची सुरू झाली. डिस्टिलरीतून निघणारा डीडीजीएस (धान्याचा वाळवलेला चोथा) खाद्यात घालून पाहतात, पण बुरशीची भीती, माल एकसारखा येत नाही. त्यांच्या वहीच्या मागच्या पानावर त्यांनी खाद्याच्या पोत्याचे दर लिहून ठेवले होते, न सांगता. मी ते पान तसंच प्रकल्पाला जोडलं आहे.

३ नोव्हेंबर, सोमवार

हंगाम एक तारखेला सुरू झाला. रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्या, वाढ्यांच्या मोळ्या. वडापवाल्या मामांची वही आज मिळाली. चार महिन्यांचं डिझेल बघून मुलं चक्रावली. पाचही गाड्यांचं पेट्रोल एकत्र केलं तरी त्याच्या जवळ जात नाही.

म्हणून देशाचा आकडा मांडला. २०२४-२५ मध्ये सगळी पेट्रोलियम उत्पादनं मिळून सुमारे २३.९ कोटी टन वापरली गेली. त्यात डिझेल ९ कोटींच्या वर, पेट्रोल सुमारे ४ कोटी. पेट्रोल साधारण सहावा हिस्सा. त्याचे वीस टक्के म्हणजे एकूण तेलाच्या तीन टक्क्यांना थोडं वर, आणि फॅट लावली तर दोनच्या आसपास. एवढा सगळा खटाटोप दोन-तीन टक्क्यांसाठी. तो करू नये असं मी म्हणणार नाही, आमची बिलं त्यावर सुटतात. पण परावलंबन सुटलं असं कुणी सांगितलं तर मुलं आता फळा मागतील.

आशाताईंची वही सगळ्यात नीट. त्यांच्या स्कूटरला घट दिसलीच नाही, हेही लिहून ठेवतो. पण त्यांनी जुलैपासून एक बदल केला होता. दोन वाड्यांची लसीकरणाची कामं एका दिवशी घेतली, औषधं आणायची फेरी त्यातच बसवली. महिन्याला शंभरेक किलोमीटर कमी. विचारलं तर म्हणाल्या, "रोज लिहायला लागल्यावर दिसलं ओ सर, मी एकाच रस्त्यानं तीनदा जाते." सहा वह्यांत सगळ्यात जास्त पेट्रोल त्यांनी वाचवलं, आणि त्याला ना यंत्र लागलं ना अनुदान.

८ नोव्हेंबर, शनिवार

दूध संस्थेच्या बैठकीत मुलांनी वह्या मांडल्या. तात्यांनी जुन्या वह्याही आणल्या होत्या. अध्यक्षांनी एकच विचारलं, दर महिन्याला मोजाल का? मुलं हो म्हणाली. मी अट घातली, नळी माझ्याच हातात राहील.

संस्थेच्या दारात काळा फलक आहे. त्यावर रोज गाय आणि म्हैस, फॅट, एसएनएफ, दर लिहितात. आज संध्याकाळी खाली तिसरी ओळ आली, नववीतल्या मुलीच्या अक्षरात :

पेट्रोल – इथेनॉल १९ ते २० टक्के – ताकद शुद्ध पेट्रोलच्या ९३ टक्के – दर पूर्ण.